बैलजोडीच्या मोलाची मोटर

कुंभार पिंपळगावात कुणाला बैल घ्यायचा असला की आधी रामरावांच्या ओट्यावर येऊन बसायची रीत होती. रामराव आधी नाही-नाही म्हणत, सुपारी कातरत, आणि शेवटी पटका बांधून संगं निघत. बाजारात गेल्यावर शिंगं रंगवलेल्या, गळ्यात गोंडे घातलेल्या बैलांकडं ते ढुंकून बघत नसत. कोपऱ्यात उभा असलेला, खांद्याला घट्टा पडलेला एखादा मधल्या वयाचा बैल ते हेरत. घेणारा नाराज व्हायचा. म्हणायचा, "रामराव, ह्यो तर वापरलेला दिसतोय."

"वापरलेलाच घ्यावा," रामराव सांगत. "झिजलाय म्हंजी कामाला लागलाय, अन् कामाला लागून बी चार पायांवर उभा हाय. कोरं जनावर म्हंजी झाकली मूठ. घरी नेल्यावर उघडती."

त्यांचा बैल कधी वाईट निघाला नव्हता. त्यामुळं त्या साली दिवाळीनंतर ते जालन्याला कापूस घालायला आणि येताना एक बैलजोडी घ्यायला म्हणून गेले, तेव्हा गावाला कशाचीच काळजी नव्हती. रामरावांच्या मनात मात्र बैल नव्हते. त्यांच्या मनात त्यांची बायको होती.

गोजरबाई दोन वर्षांपूर्वी कडब्याच्या गंजीवरून पडल्या होत्या. हाड मोडलं नव्हतं, पण कंबर धरली ती धरलीच. घरात त्या हिंडत-फिरत, भाकरी थापत, गड्यांना दारातून हाका मारून कामाला लावत. गाडीत बसणं मात्र संपलं होतं. एकदा तीन गोधड्या खाली घालून त्यांना बैलगाडीत बसवलं, तर गावाबाहेरच्या ओढ्यापर्यंत जाईस्तोवर त्यांचा चेहरा पांढरा पडला आणि गाडी माघारी फिरवावी लागली. त्यांची लेक नंदाबाई बदनापूरच्या बाजूला, दुधनाकाठच्या एका गावात दिली होती. अंबडपर्यंत सरकारी मोटर यायची, पुढं जालन्याला रेल्वे होती, पण तिथवर पोचायला आधी बैलगाडीचे दणके खावेच लागत. दोन वर्षांत गोजरबाईंनी लेकीचं घर पाहिलं नव्हतं. त्या तसं बोलून दाखवत नसत. फक्त नंदाबाईकडचा कुणी माणूस आला की त्याला जेवायला बसवून, तो पाणी पिऊन उठेपर्यंत विचारत राहत: तिच्या अंगणातल्या कढीलिंबाला पानं आली का, तिची सासू कशी आहे, ती कुठल्या खोलीत निजते.

मागल्या साली रामराव जालन्याच्या गौतमचंद शेठच्या मोटरीत बसले होते, जिनापासून, म्हणजे त्याच्या सरकी काढायच्या कारखान्यापासून, स्टेशनापर्यंत. खालून धक्का आला तरी वर येईपर्यंत तो मऊ होऊन गेला. तेव्हापासून ही गोष्ट त्यांच्या डोक्यात घर करून होती.

गौतमचंदच्या जिनात रामरावांच्या घरचा कापूस वडिलांच्या वेळेपासून जायचा. शेठने नवी मोटर घेतली होती आणि जुनी सरकीच्या ढिगाशेजारी, लिंबाच्या झाडाखाली उभी होती. काळी होती म्हणे, पण आता कबुतरांनी तिला पांढरी करून टाकली होती. वजनं झाली, पाणी झालं, आणि रामराव पान तोंडात धरून म्हणाले, "शेठ, ती जुनी मोटर विकता का?"

गौतमचंद हसला. मग रामराव हसत नाहीत हे बघून त्याने हसणं आवरलं. "कोणाला घ्यायची?"

"मला."

"रामरावजी, आपल्या दोन घरांचा व्यवहार आपल्या बापांपासूनचा. ही मोटर मी दुश्मनाला बी विकणार न्हाई."

"मी कुठं दुश्मन हाय? मंग मला विका."

त्यानंतर लिंबाखाली जो सौदा चालला तसा जालन्याच्या बाजारात कुणी पाहिला नसेल. विकणारा मालाला नावं ठेवत होता आणि घेणारा मालाची तारीफ करत होता. गौतमचंद म्हणाला, भोंगा वाजत नाही. रामराव म्हणाले, बरंच झालं, बैल बुजणार नाहीत. गौतमचंद म्हणाला, हूड फाटलंय. रामराव म्हणाले, वारा लागंल. डावीकडचं दार सुतळीनं बांधलं होतं, एक दिवा फुटका होता, मागच्या गादीत उंदरांनी संसार थाटून तो मोडलाही होता. ब्रेक लागायचा, पण त्याच्या मनाला येईल तेव्हा.

"अन् जुनी किती हाय ठाऊक हाय का?" गौतमचंद कळवळून म्हणाला. "माझ्या आधी औरंगाबादच्या एका वकिलानं वापरली. त्याच्या आधी कोणी, ते मला बी ठाऊक न्हाई."

"दात दाखवा," रामराव म्हणाले.

शेठचा धाकटा भाऊ दीपचंद तिथंच उभा होता. अंगानं भारी, स्वभावानं मोकळा, आणि जिनापेक्षा मोटरीत जास्त जीव असलेला. त्याला रामरावांचं म्हणणं लगेच उमगलं. त्याने मोटरीच्या तोंडावरचं झाकण उचललं. रामराव वाकले, आत हात घातला, बोटांना लागलेलं तेल हुंगलं. मग चालवणाऱ्याच्या पायाशी बघितलं. पायानं दाबायच्या लोखंडी पट्ट्या घासून घासून चांदीसारख्या झाल्या होत्या. सुकाणूच्या चाकावर जिथं माणूस हात धरतो तिथला रंग उडून गेला होता.

"चालवून दाखवा."

दीपचंदनं पुढचा दांडा गरागरा फिरवला. मोटर खोकली, शिंकली, आणि अंगावरची सगळी कबुतरं उडवून देत चालू झाली. दीपचंदनं ती आवारात गोल फिरवली आणि रामराव तिच्या बाजूनं चालत, चाकांवर नजर ठेवून, ती कुठल्या पायानं लंगडते का ते बघत राहिले. जिनातले हमाल पोती टाकून बघायला आले.

"झिजलीय," रामराव शेवटी म्हणाले, "पण गंजली न्हाई. दोन्हीत लई फरक असतो."

"रामरावजी, बिलकुल ऐकू नका तुमच्या मनाचं," गौतमचंद म्हणाला. "उद्या मधीच बंद पडली तर म्हणाल, मारवाड्यानं फसवलं."

घराच्या पडवीत गौतमचंदची आई भगवतीदेवी ओढणीचा पदर कपाळापर्यंत ओढून, गुडघ्यांना तेल चोळत बसली होती. म्हातारीनं हे सगळं ऐकलं होतं. तिनं तिथूनच विचारलं, "रामरावजी, तुम्हाला मोटर कशाला पाहिजे? खरं सांगा."

रामराव पुढं झाले. हमालांकडं पाठ करून, आवाज उतरवून त्यांनी म्हातारीला गोजरबाईंच्या कंबरेचं सांगितलं, ओढ्यापासून माघारी फिरलेल्या गाडीचं सांगितलं, आणि नंदाबाईचंही. आजवर हे ते कुणाकडं बोलले नव्हते. बोलताना त्यांना स्वतःचंच जरा नवल वाटलं.

भगवतीदेवीनं तेलाची वाटी बाजूला ठेवली. "गौतम," ती म्हणाली, "देऊन टाक. बैलजोडी घ्यायला पैसे आणलेत ना त्यांनी? तेवढंच घे. अन् दीपचंदला संगं धाड, शिकवून येऊ दे."

सवयीनं रामरावांनी उपरणं हातावर टाकलं आणि पुढं केलं. बाजारात उपरण्याखाली बोटं दाबून भाव ठरतो, तसं. गौतमचंदनं उपरण्याखाली हात घातला, बोटं दाबायच्या ऐवजी रामरावांचा हातच घट्ट धरला, आणि म्हणाला, "देव तुम्हाला नीट घरी पोचवो."

देवानं पोचवलं, पण सरळ नाही. वाटेत मोटर दोनदा थांबली आणि एकदा दीपचंदला झोप लागली म्हणून ज्वारीत शिरली. गावात ती शिरली तेव्हा दुपार कलली होती. पुढं कुत्री, मागं पोरं, आणि बायका चुली सोडून दारात. गोजरबाई कंबरेवर हात ठेवून ओट्यावर आल्या. त्यांनी मोटरीला पुढून बघितलं, मागून बघितलं, सुतळीनं बांधलेलं दार बघितलं.

"बैल आणाया गेल्ते ना?"

"व्हय."

"मंग हे काय आणलं?"

"मोटर."

"ते दिसून राह्यलंय मला. काहून आणली?"

रामरावांनी वाटेत या प्रश्नाचं उत्तर तयार केलं होतं. खरं सांगितलं तर ती 'माझ्यापायी एवढा खर्चा केला?' म्हणून कपाळ बडवून घेईल आणि जन्मात मोटरीला शिवणार नाही, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. म्हणून ते मिशीवर हात फिरवत म्हणाले, "चार लोकांत मान राहतो. अंबडला कोर्टात जायचं, बाजारात जायचं, तर मोटरीत गेलेलं बरं दिसतं."

"आजवर तुमचा मान बैलगाडीत मावत होता," गोजरबाई म्हणाल्या, आणि त्यांनी आत जाऊन दीपचंदसाठी चुलीवर पिठलं टाकलं.

दीपचंद आठवडाभर राहिला. त्या आठवड्यात रामरावांनी मोटर हाकायला शिकून घेतली आणि गावानं पोटभर करमणूक करून घेतली. डावी पट्टी दाबली की पुढं, मधली दाबली की मागं, उजवी दाबली की थांबायचं. पण रामरावांना गडबडीत पट्ट्या आठवत नसत आणि तोंडातून "हो हो, हो हो" असं बैलाला म्हणावं तसं निघून जाई. मोटरीला ती भाषा येत नव्हती. खळ्याचा खांब पडला, शेणाचा उकिरडा दोन ठिकाणी वाटला गेला. शेजारचा धर्मराज रोज तोंड धुवायला ओट्यावर येऊन बसायचा, म्हणजे काही चुकायला नको. तो म्हणायचा, "रामराव, ह्या बैलाला वेसण कुठं हाय तेवढं आधी हुडका."

गोजरबाई हे सगळं स्वयंपाकघराच्या दारातून बघत. धर्मराज हसला की त्यांना राग यायचा, आणि धर्मराज गेला की त्या स्वतः हसायच्या. पण मोटरीत बसा म्हटलं की म्हणायच्या, "तुमचा मान तुम्ही मिरवा. मला भाकरी करायच्या हायेत."

दीपचंद जालन्याला परत गेल्यावर रामरावांनी मागची उंदरांनी खाल्लेली गादी काढली आणि गावातल्या पिंजाऱ्याकडं गुपचूप नेली. कापूस घरचा दिला, पहिल्या वेचणीचा. पिंजाऱ्यानं विचारलं, किती जाड करू? रामरावांनी आपल्या हातानं दाखवलं, आणि पाठीला टेकायची गादी किती उंच पाहिजे तेही दाखवलं. पिंजारी म्हणाला, एवढी बुटकी? पुरुषाच्या पाठीला पुरायची नाही. रामराव म्हणाले, "तू भर."

संक्रांत उलटली आणि नंदाबाईकडून माणूस आला. तिला मुलगी झाली होती. बाळ-बाळंतीण सुखरूप होती, बारसं पुढच्या आठवड्यात होतं. गोजरबाईंनी त्या माणसाला जेवायला वाढलं, पण या खेपेला काहीच विचारलं नाही. तो गेल्यावर त्यांनी कपाटातून जुनं मऊ लुगडं काढलं आणि त्याची दुपटी शिवायला बसल्या.

रामराव समोर येऊन उभे राहिले. मग म्हणाले, "मी चाललो बारशाला. मोटरीनं. तुला यायचं तर ये."

"कंबर घेऊन?"

"कंबर इथं ठेवून कशी येशील?"

गोजरबाईंनी सुई खाली ठेवली. बारशाची गोष्ट होती. नात होती. मोटरीवरचा राग एका पारड्यात आणि नातीचं तोंड दुसऱ्या, असं झाल्यावर निकाल लागायला वेळ लागला नाही. "ओढ्यापर्यंत बघते," त्या म्हणाल्या. "तिथून मागं फिरा म्हणलं की फिरायचं. मान-बिन मधी आणायचा न्हाई."

बारशाच्या दिवशी उजाडताच निघाले. मागच्या गादीवर गोजरबाई, शेजारी दुपट्यांचं बोचकं, डिंकाच्या लाडवांचा डबा आणि नवं कोरं झबलं. पायाशी पेट्रोलचा जादा डबा. धर्मराज दात घासत बघत होता. आज मोटर पहिल्या दांड्याला चालू झाली, तेव्हा तो जरा हिरमुसला.

ओढा आला. रामरावांनी मोटर हळू केली आणि मागं वळून न बघता विचारलं, "फिरवू का?"

मागं गोजरबाईंनी बोचकं जरा जवळ ओढून घेतलं.

"चालू द्या," मागून आवाज आला.

ओढा ओलांडला. दोन्ही बाजूंना ज्वारी हुरड्यात आली होती, करडईवर पिवळी फुलं होती, आणि मुरमाची सडक पुढं सरळ पडली होती. मोटर हादरत होती, कडकडत होती, सुतळीचं दार उघडझाप करत होतं. पण मागून कण्हण्याचा आवाज येत नव्हता. बऱ्याच वेळानं गोजरबाई म्हणाल्या, "आवो."

"काय?"

"ही गादी मोटरीसंगंच आल्ती का?"

"व्हय की. शेठनंच दिली."

गोजरबाईंनी गादीच्या शिवणीतून बोंडाएवढा कापूस उपसला होता आणि तो दोन बोटांत धरून ओढून बघत होत्या. तीस वर्षं त्या कापूस वेचत आल्या होत्या. "हा आपल्या विहिरीकडच्या वावरातला हाय," त्या म्हणाल्या. "पहिल्या वेचणीचा. शेठला कुठून सापडला?"

रामरावांनी सुकाणू जास्तच घट्ट धरलं. रस्ता मोकळा होता तरी ते समोर असं बघत राहिले, जसा काही पुढून बैलांचा तांडा येतोय.

"अन् ही पाठीची उशी. तुमच्या पाठीला ही खांद्याच्या खालीच राहील. माझ्याच पाठीला बराबर लागती." त्यांनी कापूस परत शिवणीत कोंबला. "मान मिरवायला मोटर घेतली म्हणून सांगत होते ना तुम्ही?"

"तू आली नसती," रामराव म्हणाले.

"नसतेच आले."

अंबडच्या वेशीत रामरावांनी मागं बघितलं, तर गोजरबाई लाडवाचा डबा उघडून बसल्या होत्या. त्यांनी एक लाडू पुढं केला. "खा. बाळंतिणीचे हायेत, पण एक चालंल."

अंबड मागं पडलं, उन्हं वर आली, आणि दुपारच्या सुमारास दुधना लागली. नदीला पाणी पायाच्या घोट्याएवढं होतं. मोटर त्यातून खुशाल पार झाली. पण पलीकडच्या काठाला चढ होता. दरड कापून केलेली गाडीवाट सरळ आभाळाकडं जात होती आणि तिच्या वरच्या टोकाला नंदाबाईचं गाव होतं.

रामरावांनी मोटर चढावर घातली. निम्म्यात गेली आणि गप्प झाली. मग आपसूक मागं घरंगळत वाळूत येऊन थांबली. पुन्हा दांडा फिरवला, पुन्हा चढवली, पुन्हा निम्म्यात खोकून बंद. काठावर मेंढरं चारणारा एक धनगर काठीवर हनुवटी टेकून बघत होता. पाण्यावर आलेल्या चार बायका घागरी खाली ठेवून उभ्या राहिल्या.

"बैल आणतो," धनगर म्हणाला. "वर वढून नेतील."

रामरावांच्या जिवावर आलं. बैलजोडी न घेता ही मोटर घेतली, आणि आता लेकीच्या गावात ती बैलजोडीच्या मागं बांधून न्यायची. जन्मभर कुणाच्या बैलात खोट निघू दिली नव्हती आणि स्वतःची खरेदी अशी वाळूत बसली. त्यांनी पटका काढून घाम पुसला. "दम लागलाय तिला," ते म्हणाले. "म्हातारी हाय."

"दम न्हाई लागला," गोजरबाई मागून म्हणाल्या. "सपाटीला तर चांगली पळत होती. हिचं तेल कुठं असतं?"

"माझ्या बैठकीखाली. टाकी हाय."

"अन् पिती कुठून?"

"पुढून. नाकाकडनं."

"नळी हाय मधी?"

"हाय. तेल आपसूक वाहत जातं पुढं."

गोजरबाई गालात हसल्या. "मंग चढाला नाक वर गेल्यावर तेल कसं जाईल पुढं? रोज पाण्याची दारं धरता तुम्ही वावरात. पाण्याला कधी उताराच्या उलटं चढताना बघितलंय का?"

रामरावांनी पटका पुन्हा डोक्याला गुंडाळला. त्यांनी मोटरीकडं बघितलं, चढाकडं बघितलं. "मंग करावं काय?"

"नाक खाली ठेवा. शेपूट वर करा."

"उलटी नेऊ?"

"दीपचंदनं शिकवली ना मधली पट्टी? उकिरडा मोडला तवा तीच दाबली होती तुम्ही."

रामरावांनी मोटर वाळूतच वळवली. बायकांनी घागरी आणखी लांब सरकवल्या. मोटरीचं तोंड आता नदीकडं होतं आणि पाठ गावाकडं. पण रामरावांनी मान वळवून मागं बघितलं तर दिसल्या त्या फक्त गोजरबाई आणि त्यांच्या डोईवरचा पदर.

"डोकं खाली घे जरा. वाट दिसत न्हाई."

"थांबा." गोजरबाई सावकाश उठल्या, वळल्या, आणि त्या मऊ गादीवर गुडघे टेकून, हुडाच्या दांडीला दोन्ही हातांनी धरून, गावाकडं तोंड करून बसल्या. "आता मी सांगते तसं वळवा. चला."

मधली पट्टी दाबली. मोटर गुरगुरली आणि पाठीकडून चढायला लागली. मघाशी जिथं ती मान टाकत होती ती जागा आली आणि गेली. ती थांबली नाही.

"उजवीकडं. लई न्हाई. आता सरळ. धोंडा हाय, डाव्या अंगानं घ्या. आता सरळ, सरळ."

धनगर मेंढरं सोडून बाजूनं पळत येत होता. खाली नदीपात्र, घागरीवाल्या बायका, पलीकडची अंबडची वाट, सगळं रामरावांच्या समोर हळूहळू बारीक होत होतं, आणि त्यांच्या पाठीमागून बायकोचा आवाज येत होता, खणखणीत, गड्यांना हाका मारताना असायचा तसा. उभा चढ संपला तरी वाट पुढं गावापर्यंत चढतीच होती आणि मधे थांबून मोटर वळवायची छाती रामरावांना झाली नाही. त्यांनी पट्टी तशीच दाबून धरली.

अशी मोटर गावात शिरली. पाठ पुढं, तोंड मागं. आणि सगळ्यांच्या आधी गावाला दिसल्या त्या गोजरबाई, पाठमोऱ्या मोटरीत गुडघ्यांवर सामोऱ्या बसलेल्या, पदर वाऱ्यानं मागं गेलेला, एका हातानं दांडी धरलेली आणि दुसऱ्या हातानं कोंबड्या हाकलत असलेल्या.

नंदाबाईची सासू चतुराबाई दारात पाहुण्यांची वाट बघत उभी होती. तिनं विहीणबाईंवरून ओवाळून टाकायला भाकरतुकडा आणि तांब्या आणला, पण मोटर कुठल्या बाजूनं संपते आणि कुठल्या बाजूनं सुरू होते ते तिला कळेना. "ईहीणबाई," ती म्हणाली, "तुम्ही येऊन राह्यल्या का जाऊन राह्यल्या?"

"आलेय," गोजरबाई म्हणाल्या. "हात द्या, उतरवा मला. नात कुठं हाय?"

नंदाबाई बाळंतिणीच्या खोलीत होती. आई येणार नाही हे तिनं मनाशी धरून ठेवलं होतं. दारात गोजरबाई उभ्या दिसल्या तेव्हा ती उठून बसत म्हणाली, "माय, तुझी कंबर?"

"कंबर बी आलीय," गोजरबाई म्हणाल्या आणि तिच्या बाजेवर जाऊन बसल्या. रामराव दाराबाहेर थांबले होते. आतून आधी लेकीच्या रडण्याचा आवाज आला, मग दोघींच्या हसण्याचा, आणि मग एक तिसरा, अगदी बारीक, रागावलेला आवाज. तेव्हा ते ओसरीवर जाऊन तिथल्या पुरुषमंडळींत बसले.

बारसं झालं. पाळण्याला मोगऱ्याऐवजी करडईची फुलं बांधली होती, घुगऱ्या वाटल्या. मुलीचं नाव साळू ठेवलं. गावातली झाडून सगळी माणसं येऊन मोटर बघून गेली. कुणी म्हणालं भंगार आहे, कुणी म्हणालं दोन वर्षं काढील. एका जाणत्या म्हाताऱ्यानं रामरावांना विचारलं, "काय मोलाची?"

"बैलजोडीच्या."

"म्हाग पडली," म्हातारा म्हणाला.

"पडू द्या," रामराव म्हणाले.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते मोटरीत पाणी घालत होते तेव्हा चतुराबाई येऊन उभी राहिली. अंगावर ठेवणीतलं लुगडं होतं. हातात लहानसं गाठोडं होतं. मोटरीकडं बघत, पण रामरावांना उद्देशून ती म्हणाली, "माझं माहेर इथून जवळच हाय. माझे पाय सुजतात, गाडीत चढवत न्हाई. भावाला बघून लई साल झाले."

रामरावांनी मोटरीत बघितलं. मागच्या गादीवर गोजरबाई आधीच येऊन बसल्या होत्या, एका बाजूला सरकून, दुसरी बाजू हातानं झाडत.

"वाटेत चढ हाय का, ईहीणबाई?" त्यांनी विचारलं.

"हाय एक."

"मंग तुम्ही अशा इकडून बसा. चढाला वळून बसावं लागतं, मी दाखवते." आणि रामरावांकडं बघून, "दांडा फिरवा की. उन्हं चढायच्या आत पोचलं पाहिजे."

रामरावांनी दांडा फिरवला. मोटर खोकली, शिंकली. चतुराबाईनं दोन्ही हातांनी गाठोडं उराशी धरलं आणि डोळे मिटून घेतले. दोन-तीन दणके बसले तसे तिनं डोळे एक-एक करून उघडले, गादीवर हात फिरवून बघितला, आणि विहिणीला विचारलं, "कापूस कुठला हो हा?"

"घरचा," गोजरबाई म्हणाल्या.